तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

मोठीच्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती कुबड्यांवरून. आता कुबड्या ही काय हेवा करायची वस्तू आहे? पण पोट काय कुणाला विचारून दुखतं थोडंच!

संस्थेच्या मागच्या खोलीत कुबड्या, वॉकर, चाकांच्या खुर्च्या असं सगळं ओळीने लावलेलं असायचं. आसपास कुणाचं हाड मोडलं, कुणाचं ऑपरेशन झालं की घरच्यांनी यायचं, वस्तू न्यायची, माणूस हिंडाफिरायला लागला की परत आणून द्यायची. सासऱ्यांनी विहाराच्या जोडीला ही संस्था काढली तेव्हापासूनची ही पद्धत. वर हॉल, तिथे सकाळी वंदना आणि संध्याकाळी मुलांची अभ्यासिका. खाली छोटा दवाखाना; तिथे डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदा फुकट दात बघायच्या. सासरे गेले आणि कार्यवाहपद मोठीकडे आलं. कार्यवाह म्हणजे ऐकायला भारदस्त आणि करायला हमाली. नळ गळतोय, मोठीला बोलवा. अभ्यासिकेत मुलं दंगा करतात, मोठीला बोलवा. दिवे गेले, मोठी वीजवाल्यांशी भांडून यायची. "मेलं माझंच नशीब," असं ती येताजाता म्हणायची, आणि म्हणताना तिचा चेहरा असा काही फुललेला असायचा की बघणाऱ्याने तोंड फिरवून हसावं.

कारण घरात तिला विचारत होतं कोण? नवरा जेवताना ताटाकडे बघायचा आणि जेवल्यावर टीव्हीकडे. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. दिवसभरात कुणी "वहिनी, आता काय करायचं?" असं विचारायचं ते फक्त त्या हॉलमध्ये.

आणि तिथेच धाकटी घुसली.

घुसली कसली, मोठीनेच आणली. विश्वस्तांची एक जागा रिकामी झाली तेव्हा मोठीला वाटलं, घरचं माणूस हाताखाली असलेलं बरं. धाकटी म्हणजे दिराची बायको. छपाईच्या दुकानात नोकरी करायची, स्कूटर चालवायची आणि मोठ्याने हसायची. एकदा पाय प्लास्टरमध्ये असलेल्या कुणाच्या तरी घरचा फोन आला, न्यायला यायला माणूस नाही म्हणून. धाकटीने कुबड्या स्कूटरला बांधल्या आणि आली देऊन. नुसती देऊन नाही आली. त्या माणसाला उभं करून, उंची बघून, कुबडीचे स्क्रू फिरवून, काखेला टोचू नये म्हणून वर फडकं गुंडाळून आली. झालं! त्या दिवसापासून दारात येणारा जो तो विचारायला लागला, "धाकट्या वहिनी आहेत का?"

"मी आहे ना," मोठी म्हणायची.

"नाही, असू द्या. मग येतो."

असू द्या! मोठीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. इतकी वर्षं ह्यांच्या आईबापांना वॉकर दिले, तेव्हा कुणाची स्कूटर आली होती? डॉक्टरीणबाईसुद्धा दवाखाना आवरून वर यायच्या त्या धाकटीजवळ जाऊन बसायच्या. धाकटी आली की लोक जरा सरकून जागा करायचे. मोठी आली की नुसते सरळ बसायचे. हा फरक दुसऱ्या कुणाच्या लक्षात आला नसेल, पण मोठीने तो डोळ्यांत तेल घालून टिपला होता. घरी आल्यावर ती भांडी आपटायची आणि नवऱ्याने "काय झालं?" विचारलं की म्हणायची, "काही नाही." त्यावर त्याचं समाधान व्हायचं, त्याचाही तिला राग यायचा.

संस्थेत पदं वाटायची एक रीत होती. सासऱ्यांनी ती भिक्खूसंघाकडून उचललेली. हात वर करून मतं मोजली की माणसांत तट पडतात, असं ते म्हणायचे. म्हणून मुदत संपली की कुणीतरी एक नाव सुचवायचं. स्वतःचं नाव स्वतः बैठकीत घ्यायचं नाही. मग अध्यक्षांनी तीनदा विचारायचं. ज्याला मान्य आहे त्याने गप्प बसायचं. ज्याला मान्य नाही त्याने तसं बोलायचं, कारण द्यायचीही गरज नाही. एक जण जरी बोलला तरी नाव बाद. तिसऱ्यांदा विचारेपर्यंत कुणी बोललं नाही की झालं पक्कं, मागाहून कुरकुर चालायची नाही.

आता मोठीची स्वतःची एक वेगळी रीत होती. मुदत संपत आली की ती हॉलमध्ये, चारचौघांत, चटया झटकता झटकता म्हणायची, "आता बास झालं हो. माझ्याने होत नाही. दुसरं कुणीतरी बघा." मग शिंपीकाका हातातलं काम टाकून यायचे. संस्थेचे पडदे, गाद्यांच्या खोळी सगळं तेच शिवून द्यायचे आणि नाव सुचवायचं कामही दर वेळी तेच करायचे. "वहिनी, असं कसं? तुमच्याशिवाय कोण आहे?" मोठी मान हलवायची. मग अध्यक्ष असलेले पोस्टमन अण्णा गळ घालायचे. मोठी आणखी थोडे आढेवेढे घ्यायची, आणि शेवटी सुस्कारा टाकून, "बरं बाई, तुम्ही म्हणताय तर," असं म्हणत सगळ्यांवर उपकार करायची. ह्या आर्जवांवर तिचं पुढच्या मुदतीपर्यंत भागायचं, खरं सांगायचं तर.

ह्या खेपेलाही तिने चटई झटकली. "बास झालं हो आता. दुसरं कुणीतरी बघा."

शिंपीकाकांनी चष्मा पुसला. "खरंच थकलात हो वहिनी तुम्ही," ते म्हणाले. "बरोबर आहे तुमचं."

मोठी चटई हातात धरून उभी राहिली. पुढचं वाक्य यायचं होतं. ते आलंच नाही. शिंपीकाका खोळी मोजत बसले.

दोन दिवसांनी जेवताना नवरा म्हणाला, "शिंपीकाका ह्या वेळी धाकटीचं नाव घेणार म्हणे. बरं झालं. सुटलीस एकदाची." आणि त्याने आणखी भात वाढून घेतला.

मोठीने हातातला घास ताटात टाकला. धाकटीचं! म्हणजे ती किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावणार. बैठक ती बोलावणार. "आता काय करायचं?" ते तिला विचारणार. आणि आपण? आपण दारात उभं राहून म्हणायचं, मी आहे ना? मोठीला रडू आलं नाही, पण अंगाचा नुसता तिळपापड झाला. ताट तसंच ठेवून ती उठली आणि ओट्याशी जाऊन पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. आता सरळ सांगावं की नाही, "मला सोडायचं नाहीये हो"? पण सरळ बोलेल तर ती मोठी कसली!

"मला काय, मी मोकळीच होतेय," ती म्हणाली. "मला आपली संस्थेची काळजी. धाकटी लहान आहे अजून. नोकरी आहे तिला. झेपेल का?"

"तेही खरंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कुणीतरी बोलायला हवं बैठकीत."

"हो ना. तुम्ही बोललात तर मी आहेच की तुमच्या मागे."

"मी कशी बोलू? जाऊ आहे माझी. लोक म्हणतील, जळते. तुम्ही बोललात तर बरं दिसेल."

"बघू या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मोठीने त्याचा अर्थ 'हो' असा घेतला आणि निवांत झोपली.

बैठकीच्या दिवशी सकाळी हॉलमध्ये सतरंजी अंथरली होती. पाचही विश्वस्त गोल करून बसले. सगळ्यांनी जमिनीवर सारखं बसायचं असा नियम, पण अण्णांच्या आणि शिंपीकाकांच्या गुडघ्यांनी तो कधीच मोडला होता, त्यांना खुर्च्या. आधी वंदना झाली, मग पंचशील. "खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन," हे मोठीने सगळ्यांत खणखणीत म्हटलं. समोर बुद्धाची मूर्ती होती, तिने काही ऐकलं असेल तर चेहऱ्यावर दाखवलं नाही.

शिंपीकाकांनी नाव घेतलं. धाकटीचं.

अण्णांनी पहिल्यांदा विचारलं, "हे नाव ज्यांना मान्य आहे त्यांनी शांत राहावं. ज्यांना मान्य नाही त्यांनी बोलावं." पोस्टात जन्म गेलेला माणूस, आवाज अजून दारावर हाक मारल्यासारखा.

मोठीने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई मोठीकडेच पाहत होत्या. दोघींनी एकमेकींना भुवयांनी 'तुम्ही, तुम्ही' केलं.

अण्णांनी दुसऱ्यांदा विचारलं.

मोठीने घसा खाकरला. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. शिंपीकाका तर खुर्चीत पुढे सरकून बसले. बोल गं, बोल आता, 'मला मान्य नाही', तीन तर शब्द आहेत! पण त्या तीन शब्दांनंतर सगळे काय म्हणतील ते तिला आधीच ऐकू यायला लागलं. तुम्हीच नको म्हणत होतात ना वहिनी? मग आता काय झालं?

"तो पंखा जरा कमी करता का?" मोठी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी उठून पंखा कमी केला.

अण्णांनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि ह्या वेळी जरा जास्तच थांबले. धाकटी समोर बसून एकटक मोठीकडे बघत होती. हसत नव्हती, काही नाही, नुसती बघत होती. मोठीने तोंड उघडलं सुद्धा. आणि तसंच मिटून घेतलं.

"साधू, साधू, साधू," सगळे संमतीदाखल म्हणाले. मोठीचेही ओठ सवयीने हलले. झालं पक्कं.

नंतर चहा झाला. डॉक्टरीणबाई जिन्यावर मोठीच्या कानाशी लागून म्हणाल्या, "तुम्ही बोलला असतात तर मी लगेच बोलले असते हो," आणि घाईघाईने निघून गेल्या. मोठीला त्यांचेच दात त्यांच्या घशात घालावेसे वाटले. ती पर्स घ्यायला पुन्हा वर आली, तर हॉलमध्ये धाकटी एकटीच सतरंजीची घडी घालायला धडपडत होती. सतरंजी लांबलचक, एका माणसाचं ते काम नाही. मोठीने दुसरं टोक उचललं.

दोघी टोकं जुळवत एकमेकींजवळ आल्या.

"डॉक्टरीणबाईंना फोन केला होतात ना, ताई?" धाकटी म्हणाली.

मोठीचा चेहरा उतरला. "कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. म्हणाल्या, जावेशी एकदा बोलून घे."

"मग माहीत होतं तरी बसलीस गप्प? 'नको मला' म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"नको नव्हतंच मला," धाकटी म्हणाली. "हवं होतं. मीच शिंपीकाकांच्या दुकानात गेले होते. म्हटलं, काका, मला हे काम करायचंय, माझं नाव घ्या."

मोठीला क्षणभर वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. असं कुणी जाऊन मागतं? बाजारात भाजी मागावी तसं? "लाज नाही वाटली तुला?"

"वाटली ना. दोनदा दुकानावरून पुढे गेले. तिसऱ्या खेपेला आत शिरले."

मोठी तिच्याकडे बघतच राहिली. स्कूटरचा हेवा केला, हसण्याचा केला, लोक सरकून जागा करतात त्याचा केला. ते सगळं ह्याच्यापुढे काहीच नव्हतं. ह्या बयेला काहीतरी हवं होतं आणि ती ते जाऊन मागून आली. एवढंच.

"मला पण हवं होतं," ती म्हणाली. शब्द कसे आले तिलाच कळलं नाही. आवाज तर फाटकाच निघाला. "मला हवं होतं गं ते. अजून हवंय."

"ठाऊक आहे, ताई."

"ठाऊक आहे?"

"सगळ्यांनाच ठाऊक आहे. अण्णांना, काकांना, सगळ्यांना." धाकटीने सतरंजीचं आपलं टोक छातीशी धरलं होतं आणि तिचाही आवाज आता नेहमीसारखा राहिला नव्हता. "मी दुकानात गेले तेव्हा काका काय म्हणाले माहितीये? म्हणाले, वहिनी एकदा जरी सरळ तोंडाने 'मला हवंय' म्हणाल्या, तर मी त्यांचंच नाव घेईन, तू रागवायचं नाहीस. मी म्हटलं, कबूल. आजपर्यंत वाट बघितली त्यांनी. दुसऱ्यांदा विचारल्यावर तुम्ही घसा खाकरलात ना, तेव्हा मला वाटलं, गेलं माझं."

मोठीच्या हातून सतरंजी सुटली. ती तिथेच उघड्या फरशीवर बसली.

"मला हवं होतं," ती पुन्हा म्हणाली, आता चांगलं मोठ्याने, हॉलभर ऐकू जाईल असं. ऐकायला समोर नवी कार्यवाह तेवढी होती.