बुद्धपौर्णिमेची नालेसफाई

सान्वीला पावसाळाभर रत्नागिरीला आजीकडे ठेवायचं, असं कौस्तुभनं ठरवूनच टाकलं होतं. गेल्या सव्वीस जुलैला तळमजल्यावरच्या त्यांच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं आणि दीड वर्षांची पोर माळ्यावर बसवून दोघांनी दोन दिवस काढले. नीलमलाही त्याचा विसर पडला नव्हता. आभाळ भरून आलं की ती उगाच उंबरा चाचपून यायची. पण चार महिने लेकीशिवाय? सोसायटीजवळचा तुंबलेला नाला मोकळा झाला तर पहिल्या मोठ्या भरतीपर्यंत थांबायचं, एवढं तिनं नवऱ्याकडून कबूल करून घेतलं आणि ओढणी खोचली.

शेजारच्या पेणकरपाड्यामागे नाला खाडीला मिळतो, तिथं राडारोड्याचं आणि प्लॅस्टिकचं बूच बसलं होतं. नीलमनं सोसायटीची दारं वाजवून चाळीस माणसं जमवली. बुद्धपौर्णिमेची सुट्टी, आधी सगळ्यांना पोहे, अकराला काम सुरू. शेजारच्या हंसाबेननी तर हातमोजेही वाटले.

अकराला जाऊन बघतात तर नाल्याचं तोंड पुरुषभर पाण्याखाली. फावडी, घमेली घेऊन मंडळी काठावर जेवणाची वाट बघणाऱ्या वऱ्हाडासारखी उभी. पाड्यातले जुने आगरी महिपतबाबा जाळं शिवता शिवता ही गंमत बघत होते.

"पोरी, पूनवेला दुपारची भरती असते. कालेजात न्हाय शिकवलं?"

नीलमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी मग जवळ बसवून हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. उद्या प्रतिपदा, म्हणजे पाऊण वाजता भरती; ओहोटी त्याच्या सहा तास आधी.

"साडेसहाला ये. पोहे मागाहून खा. खाडीला सुट्टी न्हाय."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, चाळीसातले एकोणीसच आले, पण पाड्यातले पंधराएक कुदळी घेऊन आधीच चिखलात उतरले होते. डासांचं घर म्हणून नीलम काठावरची तिवरांची झुडपं छाटायला निघाली, तर बाबांनी तिच्या हातातला कोयताच काढून घेतला.

"ही मुळं हायत म्हणून काठ हाय. तोडशील तर काठच तुझ्या घरात येल."

नंतरचे चार रविवार पंचांग बघून ठरले. पाचव्या खेपेला पाणी खळखळत खाडीकडे धावलं, आणि हंसाबेननी चिखलातच गरब्याची एक गिरकी घेतली.

जुलैत पावसानं तीन दिवस झोडपलं. तिथी द्वितीया, भरती दीडला. नीलम सान्वीला कडेवर घेऊन खिडकीत उभी राहिली. पाणी गेटातून आत आलं, पहिली पायरी बुडाली, दुसरी अर्धी. कौस्तुभचा ऑफिसातून तिसऱ्यांदा फोन आला, तिकिटं काढू का म्हणून. थांब जरा, म्हणाली. तीनच्या सुमाराला पायरीची कड दिसली, मग आवारातली फरशी. नाला पाणी ओढत होता.

"राहू दे तिकिटं," तिनं फोन करून सांगितलं. "पोर इथंच राहतेय."

दार उघडलं, तर ओल्या पायरीवर एक चिंबोरी नांग्या उगारून बसली होती. सान्वी टाळ्या पिटत तिच्याकडे धावली. नीलमनं तिला मागं ओढलं नाही. फ्रॉकचं टोक मात्र घट्ट धरून ठेवलं.