दादाचं अ‍ॅव्हरेज

आमच्या डेपोत ट्रक ड्रायव्हरांना डिझेल वाचवायला शिकवणं हे माझं काम. घसा फोडून सांगतो: बाबांनो, लांबवर बघा, पाय आधीच उचला, कचाकच ब्रेक मारू नका. या कानाने ऐकतात, त्या कानाने सोडून देतात लेकाचे. आणि त्यांचा म्होरक्या कोण, तर माझा सख्खा थोरला भाऊ. सव्वीस वर्षं ट्रक चालवतोय, पण अ‍ॅव्हरेजच्या यादीत कायम तळाला.

तोच दादा गेले दोन महिने यादीत पहिला! लिटरला चार किलोमीटरवरून थेट साडेपाच. मला गगन ठेंगणं झालं. त्याचं बघून शिका म्हणून बाकीच्यांचं डोकं खाल्लं. काल तर त्याची पद्धत उतरवून घ्यायला वही घेऊन शेजारीच बसलो.

काय चालवत होता! पुढच्या ट्रकमागे भलंमोठं अंतर, इंजिनचा आवाज चढत नाही, सिग्नल हिरवा असला तरी पाय वर. मी भराभर लिहीत होतो. मग पुढचा ट्रक वळला, रस्ता मोकळा झाला, तरी हा चाळिसावरच. समोर एक टेंपो बंद पडला होता, अर्धा रस्त्यात. म्हटलं, आता पाय उचलेल. उचललाच नाही. शेवटी मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "ब्रेक!"

वीतभर अंतर राहिलं.

"त्याचे दिवे लागले नव्हते ना," दादा म्हणाला.

भर दुपारी, लख्ख उन्हात दिवे कशाला हवेत? मग लक्षात आलं.

"दादा, किती दिसतं तुला?"

त्याने सगळं सांगून टाकलं. पुढच्या गाडीचे ब्रेकचे लाल दिवे तेवढे नीट कळतात, त्यांच्या भरवशावर मागोमाग जायचं. पुढे गाडी नसली की जीव मुठीत धरून हळू. डॉक्टरांनी गाडी सोडायला सांगून तीन महिने झाले होते, वहिनीलाही पत्ता नव्हता. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, तेवढी रेटायची होती. सोळा टन माल घेऊन हा असा रस्त्यावर फिरत होता, आणि मी मूर्ख डेपोभर त्याची टिमकी वाजवत होतो. राग आला होता, त्याच्यावर की स्वतःवर, देव जाणे.

"वर कळवणार आहेस?"

"हो, दादा. आजच."

वाटलं, शिव्या घालेल. पण ट्रक मी चालवावा म्हणून इंजिन बंद करून त्याने दार उघडलं. मी फिरून त्या बाजूला गेलो. एरवी धाडकन उडी मारणारा दादा पायाने पायरी चाचपत राहिला. सापडेना, तेव्हा त्याने मुकाट्याने माझा खांदा धरला.