कीर्तनाच्या पाकिटातला पिक्चर

या, असे जवळ सरून बसा. मागचे थोडे पुढे या, पाय पोटाशी घ्या, म्हणजे सगळ्यांना जागा होईल. आजच्या गोष्टीत राजा नाही, ऋषी नाही. पालीच्या बाजारपेठेत डीव्हीडी भाड्याने देणारा आत्माराम आणि हाताशी आलेला मुलगा गमावलेली यमुनाबाई, एवढ्या दोघांची गोष्ट सांगतो. मन लावून ऐका.

तर आत्माराम समाचाराला म्हणून यमुनाबाईच्या ओटीवर टेकला होता. तिचा गौरव आंबे काढताना कलमावरून पडून गेला, त्याला आठवडा झाला होता. तो हातातल्या चहाकडे बघत होता. तेवढ्यात यमुनाबाईने त्याच्यापुढे डीव्हीडीचं एक पाकीट धरलं. वर फेटा बांधलेल्या बुवांचा फोटो.

"भाऊ, तुमचे उपकार झाले. जायच्या आदल्या संध्याकाळी माझा पोर ह्येच बघत बसला व्हता. कीर्तन."

तिची जाऊ तुळसा उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "गौरव नि कीर्तन? वैनी, देवळात आरती लागली की तो मागच्या दारानं पळायचा."

"म्हणून तर सांगते गो. सगळ्यांनी त्याला उनाड उनाड म्हटलंत. भाऊ, बाराव्याला मांडवात ह्येच लावा. कळू दे सगळ्यांना, माझ्या पोरानं जाताना देवाचं नाव ऐकलंन."

आत्मारामने चहाचा कप खाली ठेवला. त्या पाकिटात कीर्तन नव्हतं, हे त्या घरात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

आत्माराम मोठा कीर्तनवेडा माणूस. सावर्ड्यात एखादे चांगले बुवा येणार म्हटलं की दुकान बंद करून एसटी धरायचा. दुकानात पुढच्या फळीवर सगळी कीर्तनंच. पण त्यावर चूल पेटत नाही, म्हणून मागच्या खोक्यात पिक्चर ठेवलेले. कॉलेजची मुलं येऊन हळूच परदेशातले, हिंदीत बोलणारे चावट पिक्चर मागायची. त्यांच्या वेष्टणावरचे फोटो घरी नेण्यासारखे नसत. मग आत्मारामने युक्ती काढली. आत पिक्चर, बाहेर कीर्तनाचं पाकीट. आया पाकिटावरच्या बुवांना हात जोडत आणि टीव्हीशेजारी नीट ठेवून देत. देव समजून घेईल, असं आत्माराम स्वतःशी म्हणायचा.

बाराव्याच्या आदल्या दुपारी घरातली माणसं सामान आणायला बाजारात गेली होती, यमुनाबाई एकटीच आत चुलीशी होती. आत्माराम खरं कीर्तन घेऊन आला. ती बाहेर यायच्या आत मशीनमधली डीव्हीडी काढून त्याने खिशात टाकली आणि आणलेली लावली. पेटी वाजली, बुवांनी नमन धरलं. यमुनाबाई बाहेर येऊन भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत राहिली. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले.

"ह्ये नाय ते."

"तेच आहे, वहिनी."

"भाऊ, मी चुलीशी व्हते. पोर हसत व्हता. इतका हसत व्हता, की मी दोनदा ओरडले त्याच्यावर, गप रे मेल्या म्हणून. शेवटचं ओरडले ते तेवढंच. त्याला हसायला कशाचं येत व्हतं, ते मना बघायचंय."

आत्मारामच्या जिभेवर उत्तर तयार होतं. बुवाही हसवतात, पुढे येईल हसण्याची जागा, असं सांगता आलं असतं. समोर बुवा गात होते. त्याने उठून त्यांना बंद केलं आणि खिशातली डीव्हीडी काढली.

"वहिनी, कीर्तनाच्या पाकिटात मी पिक्चर घालून दिला होता. पोरांचा, चावट. गौरवला बोल लावू नका. ही युक्ती माझी."

यमुनाबाईने ती डीव्हीडी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली.

"घाण हाय?"

"घाण नाही. वाह्यात आहे."

"लावा."

"वहिनी, तुम्ही कशाला..."

"माझ्या पोरानं बघितलान ना? लावा."

पिक्चर सुरू झाला. आत्माराम मान खाली घालून जमिनीकडे बघत बसला. एक मुलगा रात्री एका मुलीच्या खिडकीतून आत शिरतो. तिची आई जागी होते, याची पँट खिडकीच्या खिळ्याला अडकते आणि बिचारा त्या आईचाच गाऊन अंगावर चढवून गावभर पळत सुटतो. मागे कुत्री. यमुनाबाईने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. आत्माराम घाबरून उठला, तेव्हा त्याला कळलं, ती हसत होती.

मग तो मुलगा तो गाऊन धुतो, इस्त्री करतो, नीट घडी घालून त्या आईच्या दारात ठेवतो आणि मान खाली घालून उभा राहतो. यमुनाबाईचे खांदे थांबले.

"भाऊ," ती हळू आवाजात म्हणाली, "त्या सकाळी कलमांवर जाताना दोरीवरची माझी पातळं काढलीन, घडी करून खाटेवर ठेवलीन. जन्मात कधी नाय. मी बोलले, आज काय झालंय रे तुला? तर नुसता हसला."

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. पानं उठली, सुपारी फिरली. तुळसा म्हणाली, "काय ओ आत्मारामभाऊ, लावताव ना कीर्तन?"

आत्मारामने तोंड उघडायच्या आत यमुनाबाई ओटीवर येऊन उभी राहिली.

"कीर्तन नाय. गौरव पिक्चर बघत व्हता. चावट पिक्चर."

मुंबईहून आलेला धाकटा दीर धाकू पुटपुटला, "वैनी, चार माणसांत कशाला? राहू दे ना."

"का राहू दे? माझ्या पोराला हसवलंन त्यानं. बसा खाली, सांगते." पदर खांद्यावर ओढून घेत तिने सुरुवात केली. "एक पोर व्हता. त्याचं एका पोरीवर मन बसलं..."

गाऊन आला तशी बायकांनी पदर तोंडाला लावले. कुत्री आली तेव्हा धाकूच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याच हसण्यात तो रडू लागला. यमुनाबाई थांबली नाही. गोष्ट तिने घडी घातलेल्या गाऊनपर्यंत आणून सोडली. त्यापुढचं, दोरीवरच्या पातळांचं, तिने मांडवात कुणाला सांगितलं नाही.

तर मंडळी, कधी पालीला जाणं झालं आणि कुणाच्या घरातून पोराच्या हसण्याचा आवाज रस्त्यावर आला, तर क्षणभर थांबा आणि यमुनाबाईच्या गौरवची आठवण काढा.