देवदाराची पेटी

गाजर दुसऱ्यांदा पळाला तेव्हा तो फ्रीजच्या मागे, मोटरच्या उबेला वेटोळं करून बसलेला सापडला. वहिनी ओरडली नाही. तिने मला फोन केला आणि म्हणाली, "वन्सं, जावईबापू फ्रीजमागे आहेत. तुमच्या भाचीला कामावरून बोलवा, नाहीतर मी झाडू घेते."

गाजर म्हणजे कॉर्न स्नेक जातीचा साप. केशरी अंग, पाठीवर तांबड्या डागांची ओळ, विष नाही, स्वभाव मवाळ. भाचीने नोकरीच्या पहिल्याच महिन्यात तो कुणाला न विचारता घरी आणला. आठवड्याला एक गोठवलेला उंदीर, पाण्याचं भांडं, एका बाजूला ऊब आणि दुसऱ्या बाजूला गारवा, एवढं मिळालं की हा प्राणी वीस वर्षंही जगतो. "आयतं जेवायचं, उबेला पडायचं, काम म्हणून नाही," वहिनी म्हणायची. "जावई नाही तर कोण?"

दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, साप घरी आला त्या दिवसापासून मुलीशी बोलणं टाकलं होतं. जेवताना मीठ हवं असलं तर तो वहिनीकडे बघून म्हणायचा, "तिला सांग, मीठ इकडे दे." मीठ त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर असायचं.

भाचीने सापाची काळजी कशी घ्यायची ते माझ्याकडून लिहून घेतलं होतं. आमच्या घरात शिकलेली म्हणजे मी. रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत मी काम करते. बंद जागेत रंगातून, तेलातून, लाकडाच्या पॉलिशमधून काय उडतं आणि किती वेळ उडत राहतं, ते मोजणं हे माझं काम. मी तिला एक पान लिहून दिलं. उबदार बाजू एकोणतीस अंश, गार बाजू चोवीस. उबेची चटई नियंत्रकाशिवाय लावायची नाही, सापाचं पोट भाजतं आणि त्याला ते वेळेवर कळत नाही. कात अडकली तर ओढायची नाही, ओल्या फडक्यात ठेवायचं. झाकणाला कडी. दर रविवारी वजन. लाकडाबद्दल त्या पानावर काही नव्हतं, कारण तेव्हा साप प्लास्टिकच्या डब्यात राहत होता.

फ्रीजच्या प्रकारानंतर वहिनीने निकाल दिला. "तिसऱ्यांदा बाहेर दिसला तर या घरात तो तरी राहील नाहीतर मी." दादा जेवत होता.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. "रविवारी ये. एक वस्तू दाखवायची आहे."

दादा सुतार आहे. दहावीनंतर त्याने शाळा सोडली. दोघांपैकी एकालाच पुढे शिकवता येईल असं वडील म्हणाले, आणि दादा म्हणाला, मग तिला शिकवा. हे त्याने पुन्हा कधी काढलं नाही. पण माझ्या बोलण्यात एखादा अवघड शब्द आला की तो म्हणतो, "आम्ही अडाणी. सोपं करून सांग." हसत म्हणतो. मी गेली तीस वर्षं त्याच्याशी सोपं करूनच बोलत आले आहे.

रविवारी मी त्यांच्या दारात पाऊल ठेवलं आणि वास आला. पेन्सिलीला टोक करताना येतो तसा, पण घरभर.

बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली पेटी होती. चार फूट लांब, दोन फूट उंच, पुढे सरकती काच. एक खिळा नाही, सगळे सांधे खाचेत खाच बसवलेले. काचेला पितळी कुलूप. दादाने हातानेच घासून ती इतकी गुळगुळीत केली होती की लाकडावर खिडकी दिसत होती.

"देवदार," दादा म्हणाला. "अकरा वर्षं हा माल मी राखून ठेवला होता. कुणाला दिला नाही. हात फिरव."

मी हात फिरवला.

"मुंगी जाणार नाही यातून. जावईबापूंना आता काच फोडूनच पळावं लागेल." आणि मग तो मुलीकडे वळून, सरळ तिच्याशी बोलला, "तळाला रंध्याच्या साली टाकल्यात. याच लाकडाच्या. मऊ आहेत. बघ त्याला आवडतं का."

भाची खाली बसली होती. तिने वर पाहिलं. आठ महिन्यांत तिला बापाकडून मिळालेलं ते पहिलं वाक्य होतं. तिचे डोळे भरले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती.

देवदाराचं तेल सापाला चालत नाही. कपड्यांतली कसर ज्यामुळे मरते, तेच त्याच्या फुप्फुसाला बाधतं. सापाला कामाचं फुप्फुस बहुधा एकच असतं. खालून चटईची ऊब, वरून घट्ट सांधे. त्या पेटीत काय साठेल, याचा आकडा मी तिथे उभ्या उभ्या अंदाजाने सांगू शकले असते.

"आत्या," भाची म्हणाली, "हा वास त्याला चालेल ना?"

दादा माझ्याकडे बघत होता.

"चालेल," मी म्हणाले. "उडून जाईल. सुंदर झाली आहे."

मग मी शास्त्रज्ञासारखी नाही, चोरासारखी वागू लागले. चहा पिताना म्हणाले, सालींमध्ये त्याची घाण दिसत नाही, काही बिघडलं तर कळणार नाही, त्यापेक्षा साधा कागद अंथर. भाचीने लगेच साली काढल्या. दादाचा चेहरा थोडा उतरला, पण तो म्हणाला, "बरोबर, घाण दिसली पाहिजे." जाताना मी म्हणाले, मागच्या फळीला चारपाच भोकं पाड, हवा खेळेल.

"भोकं पाडली तर मुंगी जाईल," दादा म्हणाला.

"बारीक पाड."

त्याने दोन पाडली. मापात, एका रेषेत, आतून जाळी लावून. आणखी भोकांनी फळी विद्रूप होईल म्हणाला.

साप पेटीत गेला त्या रविवारी त्याचं वजन चारशे बारा ग्रॅम भरलं. पुढच्या रविवारी चारशे नऊ. उंदीर खाल्ला होता. मी स्वतःला म्हणाले, तीन ग्रॅम म्हणजे काट्याची चूक. त्याच्या पुढच्या रविवारी तीनशे शहाण्णव, आणि उंदीर तसाच पडलेला. मी म्हणाले, कात टाकायची वेळ आली असेल, तेव्हा खात नाहीत. हे खरं आहे. कात टाकायच्या आधी सापाचे डोळे दुधाळ होतात. त्याचे डोळे स्वच्छ होते, आणि ते मी पाहिलं होतं.

घर मात्र बदललं होतं. दादा आणि भाची संध्याकाळी पेटीसमोर बसायचे. दादाने त्याला चढायला एक फांदी घासून दिली. वहिनी म्हणायची, "बापलेकीचं एकदाचं जमलं. ही गाजराची पुंगी, वाजली तर वाजली." माझ्या मनात दर वेळी वाक्य तयार असायचं, आणि दर वेळी मी ते पुढच्या रविवारवर ढकलायचे. वास जरासा तरी कमी झालाय, असं मला वाटायचं. रोज वास घेणाऱ्याला तो कमीच वाटत जातो, हे आम्ही कारखान्यात नव्या लोकांना पहिल्या दिवशी शिकवतो.

चौथ्या रविवारी तीनशे एक्याऐंशी. गाजर मान वर करून, तोंड उघडं ठेवून फांदीला टेकला होता. श्वासाबरोबर टिकटिक असा बारीक आवाज. नाकपुडीवर एक बुडबुडा यायचा आणि फुटायचा.

"आत्या, हे काय?" भाची म्हणाली.

सापाचं कळणारी डॉक्टर बसने दोन तासांवर होती. दादाही आला. गाजरला कापडी पिशवीत घालून भाचीने पोटाशी धरलं होतं. डॉक्टरबाईंनी त्याचं तोंड उघडून पाहिलं, छातीला नळी लावली, आणि विचारू लागल्या. तापमान? भाचीने माझा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला. "हे फार नीट लिहिलंय. कोणी लिहिलं?"

"आत्याने," भाची म्हणाली.

"आणि ठेवता कशात?"

"पेटीत," दादा म्हणाला. "मी बनवली. देवदाराची. एक नंबर माल आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी रागावून नाही, हळू सांगितलं. देवदार नको होता. आजच्या आज बाहेर काढा. इंजेक्शनं देऊ, पण उशीर झालाय. "तुमचा दोष नाही, दादा. सगळ्यांना हे माहीत नसतं."

दादाने मान हलवली. परतीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला. भाची पुढच्या बाकावर, पिशवी मांडीवर. तो आपल्या हातांकडे बघत होता. मग म्हणाला, "साली काढ म्हणालीस."

मी पुढच्या बाकाकडे बघितलं.

"भोकं पाड म्हणालीस."

"दादा..."

"तुला त्याच दिवशी माहीत होतं."

"तू इतक्या हौसेने केली होतीस. तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं," तो म्हणाला. "मग काय झालं असतं? मी दुसऱ्या लाकडाची केली असती. आठ दिवसांचं काम. सुतार आहे मी, पोर नाही." आवाज चढवला नव्हता. "गिऱ्हाईक मला तोंडावर सांगतं, फळी वाकडी आहे. मी सरळ करतो. तू सांगितलं नाहीस, कारण तुला वाटलं याला झेपणार नाही. मी अडाणी म्हणतो ते थट्टेत, ताई. तू ते खरं धरून चाललीस."

मी त्याच्याहून सात वर्षांनी लहान आहे. त्याने मला आयुष्यात पहिल्यांदा ताई म्हटलं होतं, आणि त्यात माया नव्हती.

पुढच्या बाकावर भाचीने मान वळवली नाही. पण तिने ऐकलं होतं. पिशवीवरचे तिचे हात थांबले होते.

गाजर पाचव्या इंजेक्शनानंतर, सकाळी, प्लास्टिकच्या जुन्या डब्यात मेला. तीनशे चौसष्ट ग्रॅम. भाचीने ते वजन मला कळवलं नाही. ती दर रविवारचं वजन लिहायची त्या वहीत मी ते नंतर पाहिलं. वहिनीने फ्रीजमधून उरलेले उंदीर स्वतःच्या हाताने काढून टाकले आणि त्या दिवशी कुणाला जावई म्हणाली नाही.

महिन्याभराने दादा पेटी खांद्यावर घेऊन माझ्या दारात आला. "लोकरीचे कपडे ठेव. कसर लागायची नाही." त्याने ती खिडकीखाली ठेवली, काच एकदा सरकवून पाहिली, पाणी प्यायला आणि गेला. तो येतो, बोलतो, सगळं पूर्वीसारखं. फक्त आता मी काही सांगितलं की तो "सोपं करून सांग" म्हणत नाही.

भाचीने वर्षाने दुसरा साप आणला. काचेच्या टाकीत ठेवला. दादाने टाकीला साध्या, बिनवासाच्या लाकडाचं झाकण केलं, आधी डॉक्टरबाईंना नमुना दाखवून. मी गेले तेव्हा पाण्याचं भांडं चटईच्या थेट वर होतं. मी म्हणाले, ते गार बाजूला ठेव, नाहीतर आत दमटपणा वाढेल.

भाची "बरं" म्हणाली, फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दोन मिनिटांनी बाहेर येऊन तिने भांडं हलवलं.

"बाई म्हणाल्या, बरोबर आहे."

"मी तेच सांगितलं ना तुला?"

"हो," ती टाकीचं झाकण लावत म्हणाली. "चालेल, हेही तूच सांगितलं होतंस."