बाळाबाईंचा व्यायाम

बाळाबाई पडल्या त्या अंधारात. रात्रीतून सारखं लघवीला उठावं लागतं हे घरात कळू नये म्हणून त्या दिवा लावत नसत, भिंत चाचपत जात. अनगोळच्या त्या लहान घरात मुलगा नागेंद्र आणि सून सौम्या, नातू साईराजला घेऊन, शेजारच्याच खोलीत झोपत. मनगटाला प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणाल्या, "सकाळी न्हाणीत पाय घसरला."

सौम्या बाजूलाच उभी होती. तिचं माहेर धारवाडकडचं, कन्नड. तिनं हळूच कन्नडमध्ये डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. अत्ती, म्हणजे सासूबाई, संध्याकाळनंतर पाण्याचा घोटही घेत नाहीत, तेही सांगितलं. बाजारात भाव करण्यापुरतंच कन्नड बाळाबाईंना येत होतं, पण एवढं समजायला ते पुरलं. चारचौघांत अंगावरचं लुगडं सुटावं तसं त्यांना झालं.

लघवी, रक्त, साखर, सगळं तपासून झालं. दोष काही निघाला नाही. मग डॉक्टरांनी त्यांना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडं पाठवलं. प्रियदर्शनी नावाची तरणी मुलगी ती, आणि बोलणार फक्त कन्नड. गोळ्या एवढ्यात नकोत, आधी सवयी बदलून बघू, असं तिचं म्हणणं. सौम्या एकेक वाक्य मराठीत सांगू लागली. पाणी तोडायचं न्हाय, दिवसा भरपूर प्यायचं. संध्याकाळचा चहा बंद. दुपारी पाय उशीवर ठेवून पडायचं, म्हणजे पायात उतरलेलं पाणी रात्री त्रास देत न्हाय. कळ आली की धावायचं न्हाय; जागेवर बसून ती ओसरू द्यायची, मग दिवा लावून सावकाश जायचं.

"आणि ते..." सौम्या अडखळली. "खालचा जागा आत ओढून धरायचा. लघवी थांबवतो ना, तसं."

जागा बाईमाणूस, हे तिला अजून जमत नव्हतं. पण आज बाळाबाईंना हसू आलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सौम्या "दूध आला" म्हणाली होती, तेव्हा बाळाबाईच सगळ्या बायकांना म्हणाल्या होत्या, "आमच्या सौम्याकडं दूधसुद्धा गडीमाणूस." बायका पोट धरून हसल्या होत्या. सौम्याही हसली होती, आणि मग बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आली नव्हती. आता त्याच सुनेच्या तोंडून आपल्या देहाचं असं बोलणं ऐकायची वेळ आली. बाळाबाई मान खाली घालून बसल्या.

घरी आल्यावर रोज दुपारी सौम्या त्यांच्याजवळ बसू लागली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळाबाई वैतागल्या. "तुला काय ठावं गं हे? तरणीताठी बाई तू."

"मला ठाऊक हाय, अत्ती," सौम्या म्हणाली. "साईराजच्या बाळंतपणानंतर मला पण होतं. शिंक आली तरी कपडे ओले व्हायचे. तेव्हा हाच व्यायाम केला मी."

"मग तेव्हा बोलली का न्हाईस?"

"कुणाला बोलणार?"

बाळाबाईंना ते दिवस आठवले. सून सारखी न्हाणीत जाते म्हणून त्यांनी दाराबाहेरून आवाज दिला होता, "ओल्या बाळंतिणीनं एवढं पाण्यात राहू नये, नखरे पुरे झाले." वेणू शेजारीण तेव्हा बाहेरच्या सोप्यात बसलेली होती. तिनंही ऐकलं असणार.

महिन्या-दीड महिन्यात उठणं कमी झालं. कधी एकदा, कधी दोनदा. गुंजी गावच्या बहिणीकडं, मनुबाईकडं, मुक्कामाला जायचं त्या किती तरी दिवस टाळत होत्या. आता येते म्हणून त्यांनी कळवलं. पण जायच्या आदल्या दुपारी त्यांच्या जिवाला चैन पडेना. सौम्या लसूण सोलत होती.

"सौम्या, त्या बाळंतपणात मी लई वंगाळ बोलले गं तुला. चारचौघांत पण बोलले."

असू दे, विसरा आता, असं काही ती म्हणेल असं बाळाबाईंना वाटलं होतं. सौम्यानं हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली.

"व्हय," ती म्हणाली. "बोललात."

बाळाबाईंना वर बघवेना. लसूण सोलून संपल्यावर सौम्यानं हात पुसले आणि उशी त्यांच्या पायांखाली सरकवली.

"चला, आत ओढा," ती म्हणाली. "श्वास धरू नका."