भिंतीकडं तोंड केलेले बूट

उदगीरच्या आमच्या मोंढा फुटबॉल संघात कोण खेळणार आणि कोण नाही, हे मॅनेजर कधी तोंडानं सांगत नसे. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही आपापले बूट व्हरांड्यात रांगेनं ठेवायचो. तांबडं फुटताना मॅनेजर एकटा तिथून फिरायचा. सकाळी ज्याच्या बुटांची टोकं अंगणाकडं, तो खेळणार. ज्याची भिंतीकडं, त्यानं मुकाट्यानं पाण्याचे कॅन उचलायचे. ही रीत आमचे पहिले मॅनेजर गुरुपादप्पांनी पाडली. मोंढ्यात म्हणजे धान्यबाजारात भर गर्दीत घसा ताणून सौदे करणारा हा आडत्या, पण खेळाडूला ‘तू नको’ म्हणायची वेळ आली की तोंडात मिठाची गुळणी धरायचा.

आनंदराजचा खेळ ह्याच रीतीनं संपला. तो उमरीचा, मुदखेडला रेल्वेत नोकरीला. सुट्टी काढून आमच्याकडून खेळायला यायचा. मी तेव्हा गोलकीपर. माझ्यापुढं तो उभा असायचा म्हणून माझी अब्रू राहिली, एरवी माझी उडी काय लायकीची होती ते मला ठाऊक आहे. लातूरच्या एका स्पर्धेत त्याचा गुडघा सुजला आणि सकाळी त्याचे बूट भिंतीकडं वळलेले दिसले. ते वळवून गुरुपादप्पा केव्हाच निघून गेले होते. का वळवले, कुणी सांगितलं नाही. आनंदराजनं बूट पिशवीत कोंबले, रागानं निघून गेला आणि त्याच महिन्यात दुसऱ्या संघाकडून खेळला. तिथं गुडघा कायमचा गेला. आजही जिना चढताना त्याला कठडा धरावा लागतो.

गुरुपादप्पा वारले तेव्हा तो मयतीला आला नाही. पुढं संघाला कुणी वाली उरला नाही, म्हणून आम्ही मुदखेडला जाऊन त्याच्या हातापाया पडलो आणि तो मॅनेजर झाला. वाटलं होतं, हा सगळ्यात आधी ती बुटांची रीत मोडेल. त्यानं ती तशीच चालू ठेवली.

“चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे,” मी त्याला चिडवायचो.

“जीभ उचलत न्हाई रे, शिवशंकर,” तो म्हणायचा.

यंदा नांदेडला आम्ही फायनलला पोचलो; मी आता खेळत नाही, संघाचं सामान सांभाळायला जातो. मुक्काम एका शाळेत होता. आमचा फॉरवर्ड संगमेश, मोंढ्यात आडत दुकानावर हिशेब लिहिणारा, वयानं सगळ्यात मोठा. आनंदराज पाय प्लास्टरमध्ये घालून पडला होता तेव्हा उदगीरहून मुदखेडला जाऊन त्याला उठवणारा, बसवणारा तो हाच. ही आपली शेवटची स्पर्धा असं संगमेशनं जाहीर केलं होतं. त्याची आई लक्ष्मीबाई, त्याची अव्वा, त्याला खेळताना पहिल्यांदाच बघायला येणार होती.

पण सेमीफायनलनंतर आनंदराजनं त्याला शाळेच्या पायऱ्या उतरताना पाहिलं. आडवा होऊन, एकेक पाय ठेवत उतरत होता.

“मुंग्या आल्यात,” म्हणून संगमेश हसला.

त्या संध्याकाळी आनंदराज माझ्याजवळ येऊन बसला. “त्याला खेळवलं तर त्याचा पाय जाईल. न्हाई खेळवलं तर माझा माणूस जाईल.”

ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

सकाळी मैदानावर पाहतो तर संगमेश बूट घालून हसत उभा. त्याच्या जागी ज्याला घ्यायचं होतं तो सुगतही बूट घालून तयार. आनंदराजचा चेहरा उतरला.

“मी वळवले होते,” तो मला हळूच म्हणाला. “माझ्या हातानं.”

उत्तर लिंबाखाली बसलेल्या लक्ष्मीबाईनं आपणहून दिलं. पहिल्या एसटीनं ती थेट शाळेवर आली होती. “बघ की रे शिवशंकर, ह्याचे बूट भिंतीकडं तोंड करून रुसून बसलेले. मी पदरानं पुसले आन सरळ करून ठेवले.”

बिचारीला आमची रीत काय माहीत. मी आनंदराजला बाजूला ओढलं. “जाऊ दे. नशिबानंच झालं समज. अर्धा वेळ खेळव, म्हातारीचं मन राहील.”

“गुरुपादप्पा मला एक शब्द बोलला असता,” तो म्हणाला, “तर मी त्या महिन्यात खेळलो नसतो.”

आणि लंगडत लिंबाकडं, आईजवळ उभ्या संगमेशकडं गेला. मीही मागं गेलो.

“संगमेश, बूट मी वळवले होते. तू आज खेळायचं न्हाई.”

संगमेशचं हसू तोंडावरच राहिलं. “आता सांगून राहिला? अव्वाच्या समोर?”

“हाव. उशीर झाला, पण सांगून राहिलो.”

“माझा शेवटचा सामना हाय, आनंद्या.”

“सामना शेवटचा, पाय न्हाई. मी चालतो तसं तू चालायचं न्हाई.”

“लातूरला गुरुपादप्पानं तुला केलं, तेच तू मला करून राहिला.”

“त्यो बोलला न्हाई. मी बोलून राहिलो. शिव्या दे, मार, पर ऐक.” त्यानं संगमेशचं मनगट घट्ट धरलं होतं. इतकी वर्षं मी त्याला ओळखतो, त्याला असं भ्यालेलं कधी पाहिलं नव्हतं.

संगमेशनं आईकडं पाहिलं. ती आपली बाजू घेईल असं त्याला वाटलं असणार. लक्ष्मीबाई त्याच्या बुटांकडं बघत होती.

“सकाळी लेस मीच बांधली,” ती म्हणाली. “ह्याला वाकता येईना. मला वाटलं, लाडात आलाय.”

संगमेश मटकन बाकावर बसला. पाय पुढं लांब केला आणि आमच्या सगळ्यांसमोर रडला. मलाही आवरलं नाही. लक्ष्मीबाईनं खाली बसून, सकाळी स्वतःच मारलेल्या गाठी सोडल्या आणि बूट काढले. तिकडं रेफ्रीनं शिट्टी मारली, पोरं मैदानात निघाली.

आनंदराज जागचा हलला नाही. संगमेशनं त्याच्याकडं न बघताच बाकावर सरकून जागा केली, तेव्हा तो कठड्याला धरून बसावं तसं मित्राच्या खांद्याला धरून बसला.

लक्ष्मीबाई दोन्ही बूट हातात घेऊन तशीच उभी होती.

“आनंदराज,” तिनं विचारलं, “हे कुणीकडं तोंड करून ठेवू?”

“मैदानाकडं ठेवा, मावशी,” तो म्हणाला.