शिंप्याला का काढलं?

कुंडीतल्या झाडांच्या आमच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये अकरा हजार माणसं आहेत आणि मॉडरेटर दोन: आत्या आणि मी. आत्या माणसं काढते. मी तिचा भाचा, म्हणून नोंदवही ठेवतो. कोणाला किंवा काय काढलं, कधी आणि का. वही सगळ्या सदस्यांना वाचता येते. 'का'च्या रकान्यात आत्या बहुतेक वेळा 'त्यालाच माहीत' असं लिहायला लावते.

एका शिंप्याला मात्र माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी काढल्यापासून तो दर महिन्याला ईमेल करायचा. "काही चुकलं असेल तर माफी. दुकानातल्या रबराच्या झाडाला नऊ पानं उरलीत. ग्रुपला विचारू द्याल का?" मग सहा झाली. या महिन्यात चार. "बायको रोज पानं मोजते आणि माझ्याकडे बघते," असंही लिहिलं होतं.

"घेऊ या का त्याला?" मी विचारलं.

"मी काय उगाच काढलं? काहीतरी केलंच असेल त्याने."

"काय?"

"त्यालाच..."

"त्याला विचारलं मी. म्हणाला, तुम्ही सांगाल ते केलं असं समजा."

इतका शहाणा गुन्हेगार आत्याला पचेना. मी वही उघडून तारीख आणि वेळ काढली, मग त्या दिवसाच्या पोस्ट. तीन मिनिटं आधी एका खतवाल्याने जाहिरात टाकली होती: 'प्लॅस्टिकच्या फुलांनाही बहर.' खाली आत्या: 'थांब, तुला काढतेच.' दोघं एकाच दिवशी ग्रुपमध्ये आलेले, त्यामुळे यादीत खतवाल्याच्या खालीच शिंपी.

"तुझं बोट घसरलं, आत्या."

"आणि तो खतवाला?"

"इथेच आहे. काढलं नाही म्हणून इतका ओशाळला, की जाहिराती सोडून लोकांना फुकट सल्ले देतो. गेल्या वर्षी तूच त्याला आदर्श सदस्य केलंस."

आत्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुरावा जागचा हलला नव्हता.

"हे वहीत लिहायलाच हवं का? उद्यापासून कोण ऐकेल माझं?"

मी शिंप्याच्या नोंदीतला 'का'चा रकाना उघडून दिला.

तिने कीबोर्ड ओढला आणि स्वतः टाइप केलं: 'चूक माझी. शिंप्याचा दोष नाही. माफ करा.'

तासाभरात ही बातमी ग्रुपबाहेर पोचली आणि जुन्या काढलेल्या चाळीस जणांचे अर्ज आले. आत्याने प्रत्येकाची नोंद आणि त्या दिवसाच्या पोस्ट तपासल्या. सदतीस जण खरंच नालायक निघाले, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. उरलेल्या तिघांना तिने परत घेतलं, कारणासकट.

ग्रुपमध्ये परत आलेल्या शिंप्याच्या प्रश्नाला पहिलं उत्तर खतवाल्याचं: 'पाणी जास्त होतंय. घरातलं आणखी कोणी घालतं का?' चौकशीअंती नवरा-बायको दोघंही घालत होते, एकमेकांना न सांगता.

महिन्याभराने शिंप्याने सतरा फोटो टाकले. एका वेळी तीनच चालतात. आत्याने चौदा उडवले आणि 'का'च्या रकान्यात मला न विचारता लिहिलं: 'कोंब एकच आहे. पण छान आहे.'